कोळंबी तळ्यात वाढते, पाणी मात्र खाडीचं असतं

दादरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सासऱ्यांची पेण तालुक्यात बांधाच्या आत सात एकर खारी जमीन आहे, त्यातली निम्मी पडीक. नवरा-बायको दोघंही मुंबईत नोकरीला. कोळंबी करावी असं मनात आहे, पण तिवरं तोडून आणि खाडी नासवून मिळणारा पैसा नको. केरळ, आंध्र, व्हिएतनाम, इक्वेडोर इथल्या शाश्वत पद्धतींबद्दल वाचलं, त्यातली इथे कोणती चालेल? आणि तोवर बाजारात कोळंबी घेताना काय बघायचं?

मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाढले, आई मासळी विकायची. मत्स्यशास्त्र शिकले आणि गेली सव्वीस वर्षं डहाणूपासून श्रीवर्धनपर्यंत कोळंबीच्या तळ्यांवर सल्ला देते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोळंबीशेती टिकते की बुडते हे तळ्यावर कमी आणि खाडीवर जास्त ठरतं. एका खाडीवर दहा तळी असली तर ते खरं म्हणजे एकच शेत असतं. सगळ्यांचं पाणी एक, रोग एक, गाळही एक. माझी सांडपाण्याची मोरी ती तुमची पाण्याची टाकी. तुम्ही ज्या प्रदेशांची नावं घेतलीत तिथे जे टिकलं ते या गोष्टीची काहीतरी सोय लावली म्हणून टिकलं. जे बुडालं ते प्रत्येकजण आपापल्या तळ्यापुरतं बघत राहिला म्हणून बुडालं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. २००४ चा एप्रिल. डहाणूच्या खालच्या अंगाला एका खाडीवर सात मालकांची अकरा तळी होती, त्यातली तीन माझ्या देखरेखीखाली. तेव्हा सगळे टायगर कोळंबीच करायचे. पहाटे साडेचारला चेक ट्रे, म्हणजे कोळंबी खाते का ते बघायला पाण्यात ठेवलेलं तबक, उचलला तर खाद्य तसंच पडलेलं. पाण्यावर टॉर्च मारला, तर कोळंबी काठाला येऊन कडेकडेने संथ फिरत होती. धडधाकट कोळंबी उजेड पडला की उसळी मारून खोल जाते. एक हातात घेतली. अंग लालसर, डोक्यावरचं कवच सैल. ते सोलून टॉर्चसमोर धरलं तर आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट. हा विषाणू १९९४-९५ पासून आपल्या किनाऱ्यावर मुक्कामाला आहे. एकदा लक्षणं दिसली की तीन ते दहा दिवसांत तळं रिकामं होतं आणि त्यावर औषध नाही.

नियम मला ठाऊक होता. उघडी, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा, बंद करायची, जाळ्याने निघेल तेवढा माल काढायचा, उरलेल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकून ते आठवडाभर अडवून ठेवायचं. एकरभर तळ्याला पाच क्विंटलच्या आसपास पावडर लागते. मालकाच्या डोक्यावर कर्ज, माल हातचा चाललेला. तो म्हणाला, "मॅडम, ओहोटी लागलीय. उघडी खोलतो, तोंडाला जाळं लावतो, दोन तासांत तळं मोकळं होईल." मी गप्प राहिले. पाणी गेलं. ओहोटीला सोडलेलं पाणी सगळंच्या सगळं समुद्रात जात नाही. ते खाडीच्या मुखाशी घुटमळतं आणि पुढच्या भरतीला बरंचसं परत वर चढतं. वरच्या अंगाच्या चौघांनी त्याच भरतीला तळी भरून घेतली. त्यांना फोन करणं माझं काम होतं आणि मी तो केला नाही. पंधरा दिवसांत अकरापैकी आठ तळी गेली. त्या चौघांतल्या एकाच्या घरचं लग्न त्या वर्षी पुढे ढकललं गेलं. तेव्हापासून नवीन माणूस आला की तळ्याचा नकाशा बघण्याआधी मी खाडीवरच्या शेजाऱ्यांची यादी मागते.

या दुखण्यावर सगळ्यात स्वस्त उतारा आंध्रात निघाला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने पश्चिम गोदावरीतल्या मोगलतुरू भागात लहान तळेवाल्यांना एकत्र बसवलं. त्यातूनच २००७ मध्ये राष्ट्रीय शाश्वत मत्स्यपालन केंद्र उभं राहिलं. 'नॅक्सा' या नावानेच ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी कुठलंही यंत्र आणलं नाही. एका कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात पिल्लं सोडायची, बीज, म्हणजे ही पिल्लं, सगळ्यांचं मिळून एकाच हॅचरीतून, म्हणजे पिल्लं तयार करणाऱ्या केंद्रातून, विषाणूची तपासणी करून घ्यायचं, पाणी सोडायच्या आधी सगळ्यांना कळवायचं, रोग आला तर लपवायचा नाही आणि कालव्यातला गाळ मिळून काढायचा, इतकंच. एकगठ्ठा मागणी असली की हॅचरीवालाही नीट बोलतो, हा त्यातला मोठा फायदा. एकट्यादुकट्याला उरलंसुरलं बीज मिळतं, हे मी स्वतः पाहिलंय.

त्याच आंध्रात उलट चित्रही आहे. व्हन्नामेई ही परदेशी कोळंबी कमी खारटपणातही वाढते म्हटल्यावर किनाऱ्यापासून दूर, भाताच्या चांगल्या जमिनीत, बोअरवेलचं पाणी ओढून तळी झाली. शेजारच्या शेतात मीठ झिरपलं, विहिरी खारावल्या. थायलंडने हाच अनुभव घेऊन १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या भातपट्ट्यातल्या कोळंबीशेतीवर बंदी घातली होती. तेव्हा तुमची जी निम्मी जमीन आज भात देते, तिच्यात खारं पाणी घ्यायचा विचारसुद्धा करू नका. बोलायचं ते पडीक निम्म्याबद्दल.

आता केरळ. माझ्या मते तुमच्या जमिनीला सगळ्यात जवळचं नातं तिथलंच आहे, म्हणून इथे जरा थांबते. एर्नाकुलम, आलप्पुळा आणि त्रिशूर जिल्ह्यांत समुद्रसपाटीच्या बरोबरीच्या किंवा तिच्याखालच्या खारट जमिनीत पोक्काळी नावाचा भात होतो. जूनमध्ये मुसळधार पाऊस मातीतलं मीठ धुऊन काढतो, मग उंचवट्यांवर रुजवलेली रोपं पसरतात. भात पुरुषभर उंच वाढतो, त्यामुळे पाणी चढलं तरी बुडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फक्त लोंब्या कापतात आणि ताटं पाण्यातच ठेवतात. खरी गंमत इथून पुढे. ती ताटं कुजतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, आणि खाडीतून भरतीबरोबर आत येणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांना तेच खाद्य. रात्री उघडीच्या तोंडावर दिवा लावून पिल्लांना आत बोलावतात, ओहोटीला तोंडाशी जाळं लावून मोठी कोळंबी धरतात. एप्रिलच्या मध्याला, विषूच्या सुमारास, कोळंबीचा हंगाम संपतो आणि जमीन परत भाताकडे जाते. कोळंबीची विष्ठा आणि गाळ हेच भाताचं खत. रासायनिक खत नाही, कीटकनाशक तर नाहीच, कारण कीटकनाशक मारलं तर पुढची कोळंबीच मरेल. एका पिकाने दुसऱ्याच्या वाटेचं विष आपोआप अडवलं आहे. या भाताला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

पण पोक्काळीचं क्षेत्र आटत चाललंय. कमरेएवढ्या चिखलात उभं राहून लोंब्या कापायला माणसं मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. भातात फारसं सुटत नाही, कोळंबीत सुटतं, म्हणून काही मालकांना बारा महिने खारं पाणी आतच हवं असतं. गोव्याच्या खाजण शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, हाच झगडा अनेक वर्षं चालू आहे. तिथे बांधातल्या उघडीला मानस म्हणतात. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला मासे हवेत म्हणून तो दरवाजा जरा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि आतल्या भातशेतीत मीठ चढतं. पूर्वी हा हिशोब गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, सांभाळायची. तिचा धाक कमी झाला तसा बांधही खचला आणि भातही गेला. लाकडी दरवाजा भरती-ओहोटीच्या दाबाने आपोआप उघडतो-मिटतो, इतकी सुंदर रचना, पण दरवाजावर हात कुणाचा हे ठरलं नाही तर ती रचना वाचवत नाही.

आपल्या खारेपाटात, म्हणजे पेण-अलिबागच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, हे सगळं आहेच. खारबंदिस्ती आहे, उघड्या आहेत, आणि अलिबाग-पेणकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत आहे. पूर्वी बांधाची डागडुजी गावातली घरं श्रमदानाने करायची. आता ती सरकारी खात्याची जबाबदारी झाली, आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की दुरुस्तीची वाट बघत भरतीचं पाणी शेतात खेळत राहतं. दोन-चार वर्षांत त्याच शेतात तिवरं उगवतात. खारेपाटातल्या माणसांना एकत्र येणं जमत नाही असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. याच मातीत चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमिनी न कसता संप चालवला. एका बांधाच्या पंधरा घरांनी उघडी कधी खोलायची हे ठरवणं त्यापुढे फार अवघड नाही.

भाताच्या बाजूनेही आपण रिकामे नाही. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथून पनवेल १, २ आणि ३ हे मीठ सोसणारे वाण आले. त्याआधीपासून काळा रता, भुरा रता हे लाल तांदळाचे वाण खारेपाटात होतेच. केरळची नक्कल करायची गरज नाही. त्यांचं वेळापत्रक घ्यायचं आणि बियाणं आपलं वापरायचं.

तिवरांचं म्हणाल तर व्हिएतनामच्या का माउ प्रांताचं नाव सगळे घेतात. तिथे सरकारी वनजमीन कुटुंबांना कराराने दिलेली आहे. साधारण साठ टक्के क्षेत्र तिवरांचं ठेवायचं, उरलेल्या चाळीसात चर आणि पाणी. बाहेरून खाद्य जवळजवळ नाही. कोळंबी, चिंबोरी, मासे एकत्र वाढतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघडी खोलून माल धरतात. उत्पन्न हेक्टरी काही शे किलोच, पण रोगाने सगळं एका रात्रीत जाण्याची भीती कमी, आणि सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं तर भाव वरचा. चांगली पद्धत आहे, पण तुमच्या कामाची नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवनाला, म्हणजे तिवरांच्या जंगलाला, आणि त्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्याला हात लावता येत नाही, आणि २०१८ च्या निकालाने ते आणखी पक्कं केलं. तेव्हा पडीक निम्म्यात खांडीतून आलेली तिवरं असतील तर तो तुकडा हिशोबातून काढून टाका. हे बऱ्याच शेतकऱ्यांना अन्यायाचं वाटतं, सरकारने बांध वेळेवर दुरुस्त केला असता तर तिवरं आलीच नसती असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही तिवराच्या जमिनीत तळं खणू नये असं मी सांगते, आणि त्याचं कारण कायद्याच्याही आधीचं आहे.

तिवराखालच्या काळ्या चिखलात लोह आणि गंधकाचं एक संयुग दबून असतं. पाण्याखाली असतं तोवर ते शांत. तळ्यासाठी माती उकरून बांधावर टाकली की त्याला हवा लागते आणि त्याचं गंधकाम्ल होतं. पहिल्या पावसात बांधावरून गंजासारखं तांबूस पाणी उतरतं आणि तळ्याचा सामू (पीएच) चारच्या खाली जातो. कोळंबीला साडेसात ते साडेआठ लागतो. माझ्या डोळ्यांदेखत एका रात्रीत पावसानंतर सबंध तळ्याची कात टाकलेली कोळंबी मऊच राहून मेली, कवच धरायला चुना उरलाच नव्हता. आशियाभर तिवरं तोडून केलेली तळी काही वर्षांत ओसाड का पडली त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. इंडोनेशियात जावाच्या देमाक किनाऱ्यावर अशा तळ्यांनी किनाराच गिळला. तिवरं गेली, जमीन खचली, समुद्र आत आला. शेवटी शेतकऱ्यांनी स्वतः तळ्यांचा काही भाग सोडून दिला, पुढे काटक्याकुटक्यांचे बंधारे घालून गाळ धरला आणि तिवरं परत येऊ दिली.

तुमच्या मातीची परीक्षा घरी होते. अर्धा फूट, एक फूट आणि दोन फूट खोलीवरचा चिखल वेगवेगळ्या पिशव्यांत आणा, पसरून महिनाभर सावलीत सुकवा, मग उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून सामूची पट्टी बुडवा. चारच्या खाली गेला तर विषय संपला, त्या खोलीपर्यंत खणायचं नाही.

इक्वेडोर आज जगातला सगळ्यात मोठा कोळंबी निर्यातदार आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांनीही तिवरांची वाट लावली, हे त्यांच्या जाहिरातीत येत नाही. पण दोन गोष्टी त्यांच्याकडून घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे विरळ पेरा. आपल्याकडे व्हन्नामेईची कायदेशीर मर्यादा चौरस मीटरला ६० पिल्लं आहे. तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी सोडतात. दुसरी म्हणजे त्यांचं बीज. साथीतून जी कोळंबी जगली तिच्यातूनच त्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड केली. आपण २००९ मध्ये व्हन्नामेईला परवानगी दिली ती परदेशातून आणलेल्या रोगमुक्त नरमाद्यांवर. त्यांना चेन्नईत विलगीकरणात ठेवून मगच हॅचरीला देतात. रोगमुक्त म्हणजे रोग सोसणारी नव्हे. मऊ गादीवर वाढलेलं पोर आपल्या गढूळ खाडीत सोडायचं, तर पाणीही तितकंच जपावं लागतं. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने आपल्या देशी पांढऱ्या कोळंबीची निवड पैदास हाती घेतली आहे. ते बीज सहज मिळू लागेल तेव्हा मी माझ्या शेतकऱ्यांना आधी तेच घ्यायला सांगेन.

विरळ पेरा म्हणजे कमी पैसा असं तुम्हाला वाटेल, म्हणून हिशोब मांडते. एका एकरात चौरस मीटरला २० च्या दराने ८० हजार पिल्लं. त्यातली ६० हजार जगली आणि २० ग्रॅमची झाली तर १,२०० किलो, म्हणजे बाजाराच्या भाषेत ५० काउंटचा, किलोला ५० नगांचा माल. त्याला साधारण १,७०० किलो खाद्य लागेल. ३५ टक्के प्रथिनांच्या या खाद्यात सुमारे ९५ किलो नत्र असतं. कोळंबीच्या अंगात त्यातलं ३५-३६ किलो जातं. उरलेलं ६० किलो पाण्यात आणि गाळात. शेतकऱ्याच्या मापात सांगायचं तर एका हंगामात एका एकरातून जवळजवळ तीन गोण्या युरिया तुमच्या खाडीत जाऊ शकतो, आणि हे विरळ पेऱ्याचं झालं. ६० च्या दराने हाच आकडा नऊ गोण्यांच्या घरात. आता तो आकडा खाडीवरच्या तळ्यांनी गुणा. पहाटे खाडीतला प्राणवायू का बसतो आणि कोळणींना बोय, पालू का मिळेनासे होतात, ते त्या गुणाकारात आहे.

म्हणून व्हन्नामेईसाठी सांडपाणी थोपवायचं तळं नियमानेच सक्तीचं आहे, तळी कितीही लहान असली तरी. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ते कागदावर असतं. थायलंडने २०१२ नंतर, पिल्लं महिनाभरात मारणाऱ्या रोगाने उत्पादन निम्म्याहून खाली आल्यावर, तळ्याच्या मधोमध एक खळगा केला. पंख्यांनी पाणी गोल फिरवायचं, विष्ठा आणि उरलेलं खाद्य मध्ये गोळा होतं, ते दिवसातून दोन-तीनदा उपसून वेगळ्या खड्ड्यात टाकायचं. त्या खळग्याला ते सरळ कोळंबीचा संडास म्हणतात. एक-दीड एकराच्या तळ्यालाही हे जमतं आणि मी वापरते. बायोफ्लॉक (पाणी न बदलता त्यातच सूक्ष्म जीव वाढवून घाण जिरवायची पद्धत), प्लास्टिक अंथरलेली तळी, बंदिस्त टाक्या वगैरेंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. त्यात पाणी कमी लागतं हे खरं, पण चोवीस तास वीज लागते. रात्री वीज अर्धा-पाऊण तास गेली तर सगळा माल तरंगतो. खारेपाटातल्या विजेवर मी तो जुगार खेळणार नाही. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याने वीज स्वस्त होईल, पण वादळात तुटलेली तार त्याने जोडली जात नाही.

औषधांबद्दल एकच सांगते. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान असली प्रतिजैविकं बंदी असलेली आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, तरी ती तळ्यावर पोचतात ती लेबल नसलेल्या 'ताकदीच्या' पुड्यांतून. ज्या पाकिटावर आत काय आहे ते छापलेलं नाही, ते बांधाच्या आत येऊ द्यायचं नाही. त्यापेक्षा दोन पिकांच्या मध्ये तळं कडक उन्हात भेगा पडेपर्यंत सुकवणं आणि नांगरून कळीचा चुना देणं यांनी जितकं होतं तितकं कुठल्याही पुडीने होत नाही. ईएचपी नावाचा जो सूक्ष्म परजीवी सध्या वाढ खुंटवतो, त्याचे बीजाणू मारायला तर हेक्टरी सहा टन चुना सांगितला जातो.

बाजाराबद्दल. दर्यातली कोळंबी म्हणजे आपोआप पुण्याची असं समजू नका. बारीक आसाच्या ट्रॉल जाळ्यात कोळंबीबरोबर किती पिल्लं मरून येतात ते पहाटे ससून डॉकवर जाऊन बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असताना ताजी मोठी कोळंबी दिसली तर ती बहुधा तळ्यातलीच. अंगावर गडद पट्टे असतील तर टायगर, फिकट करडी-पांढरी आणि शेपटीच्या टोकाला लालसर असेल तर व्हन्नामेई. तुमच्या नेहमीच्या मावशींना विचारा, तळ्यातली की दर्यातली, आणि तळ्यातली असेल तर कुठली. पालघरची, रायगडची की आंध्राची, हे त्यांना पुष्कळदा ठाऊक असतं, फक्त कुणी विचारत नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की त्या व्यापाऱ्याला विचारतात. माझ्या आईने असंच विचारून एका व्यापाऱ्याचा माल घेणं बंद केलं होतं. करंदी आणि जवळा खा, त्यांना तळंही लागत नाही आणि खाद्यही.

आता तुमचे सात एकर. साडेतीन एकर भाताचे, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या साडेतीनांत तिवरं नसतील, माती आंबट नसेल, सातबारा स्वच्छ असेल आणि तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी मिळत असेल तरच पुढे. त्यातला सव्वा एकर कोळंबीचा. पाऊण एकर आत येणारं पाणी थांबवून निवळायला. तेवढाच बाहेर जाणाऱ्या पाण्याला, त्यात बोय सोडा, ते गाळ आणि शेवाळ खातात. भाताच्या बाजूला रुंद मातीचा पट्टा आणि त्यापलीकडे गोड्या पाण्याचा चर, म्हणजे मीठ झिरपलं तरी चरात अडेल. वर्षात एकच पीक घ्या. फेब्रुवारीच्या मध्याला पिल्लं, मे संपायच्या आत माल बाहेर. जूनमध्ये पाऊस तळ्याचा खारटपणा आठवड्याभरात उतरवतो आणि कोळंबी हबकते, त्या फंदात पडू नका. मग पावसाने तळ्याचा तळ धुऊ द्या आणि जुलैत त्यातच पनवेलचा वाण लावा. पहिल्या वर्षी भात कमीच येईल. पाणी धरण्यापुरती तळी उथळ आणि रुंद ठेवलीत तर हे शक्य आहे, खोल खड्डा केलात तर नाही.

आणि हे सगळं बांधावरची बाकीची घरं हो म्हणाली तरच. तुमच्या उघडीतून खारं पाणी आत येणार, त्याची झळ त्यांच्या शेताला लागणार. त्यांना अंधारात ठेवून केलेलं तळं पहिल्याच खांडीला तुमच्या नावावर लागेल. दोन-तीन घरं कोळंबीत बरोबर आली तर आंध्रासारखं बीज एकत्र आणता येईल. ज्यांना कोळंबी नको त्यांच्यासाठी चिंबोरी, कालवं किंवा जिताडा आहे. कांदळवन प्रतिष्ठान किनाऱ्यावरच्या गावगटांना याच कामांसाठी मदत करतं. तुम्ही दोघं मुंबईत राहणार, तेव्हा पहाटे चारला ट्रे उचलणारं माणूस गावातलंच हवं आणि नफ्यात त्याचा हिस्सा हवा. नुसत्या पगारी राखणदाराच्या भरवशावर चाललेलं तळं मी तिसऱ्या हंगामापर्यंत पोचलेलं पाहिलेलं नाही.

येत्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी उधाण असेल. सासऱ्यांना घेऊन उघडीवर जा. भरती पूर्ण चढली की बांधावर पाण्याची रेघ कुठे लागते तिथे खुंटी ठोका, ओहोटीच्या तळाला पुन्हा एक. बाटलीत दोन्ही वेळचं पाणी भरून आणा. उघडीपासून खाडीच्या मुखापर्यंत दोन्ही काठांवर कोणाची शेतं, कोणाची तळी, कोण जाळी लावतं, कुठून कारखान्याचं पाणी येतं, हे सासऱ्यांकडून एका कागदावर लिहून घ्या, त्यांना ते तोंडपाठ असेल. ती यादी, दोन बाटल्या आणि चिखलाच्या तीन पिशव्या घेऊन या. तळं किती खोल खणायचं ते त्यानंतर बोलू.